खिळे, ब्लॉक आणि वेबसाइटचं पान

हिंजवडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काचेच्या उंच इमारती येतात आणि त्या इमारतींपर्यंत वेळेत पोचू न देणारी वाहतूक येते. पण राजीव गांधी इन्फोटेक पार्क व्हायच्या कितीतरी आधीपासून हिंजवडी हे गाव आहे. चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, इथून म्हातोबाचं बगाड वाकडला जातं. आज मी बोलणार आहे ते संगणकाविषयीच, पण उदाहरण मात्र या बगाडाचं घेणार आहे.

समजा, गावातल्या एखाद्या मुलाला उत्सवाची माहिती महाजालावर द्यायची आहे. दिवसभराचा कार्यक्रम, बगाडाचा मार्ग, गळकऱ्याच्या मानाविषयी दोन परिच्छेद आणि घरातले जुने फोटो. तो सहसा काय करतो? डीटीपीवाल्याकडून छानसं रंगीत पत्रक करून घेतो आणि त्या पत्रकाचं चित्र वेबसाइटवर चढवतो. दिसायला पान सुरेख! पण संगणकाच्या लेखी त्यात एकही अक्षर नाही. ‘बगाड किती वाजता’ असं कुणी शोधलं तर ते सहसा हाती लागत नाही. दृष्टिहीन माणसाचा फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, तो इथे मुका होतो. आणि वेळ अर्ध्या तासानं बदलली की पुन्हा डीटीपीवाला!

या सवयीला इतिहास आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. तो विशिष्ट फाँट समोरच्याच्या संगणकावर नसला की ‘नमस्कार’ची जागा भलत्याच चिन्हांनी घेतलेली. त्यापेक्षा चित्र बरं, असं लोकांनी ठरवलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही. अडचण संपून वर्षं झाली, सवय मात्र राहिली. आपल्या कितीतरी संस्थांच्या आणि कार्यालयांच्या सूचना आजही स्कॅन केलेल्या कागदाच्या रूपात महाजालावर लटकलेल्या दिसतात.

दुसरं कारण म्हणजे लिहिण्याचं साधन. २००३ साली सुरू झालेलं ‘वर्डप्रेस’ हे मोफत सॉफ्टवेअर आज जगातल्या दहापैकी सुमारे चार संकेतस्थळांच्या मागे आहे. त्यात पूर्वी लिहायला एकच लांबलचक चौकट असे. मजकूर, फोटो, तक्ता, सगळं त्या एका पोत्यात. फोटो जरा सरकवला की खालचा परिच्छेद भलतीकडे जाई. तक्ता हवा असला तर चौकटी कंसातली सांकेतिक अक्षरं टाकावी लागत किंवा जाणकाराला फोन. जाणकार अर्थातच हिंजवडीतल्या एखाद्या इमारतीत, मीटिंगमध्ये!

६ डिसेंबर २०१८ रोजी वर्डप्रेसची पाचवी आवृत्ती आली आणि हे पोतं गेलं. त्या जागी ब्लॉक आले. या नव्या संपादन-व्यवस्थेला नाव दिलं ‘गुटेनबर्ग’, पंधराव्या शतकात सुट्या खिळ्यांनी छपाई करणाऱ्या जर्मन कारागिराचं. (आपली मराठी देवनागरी खिळ्यांत आली ती १८०५ साली, विल्यम कॅरीच्या व्याकरणात, आणि तीही पुण्या-मुंबईत नव्हे, बंगालमधल्या श्रीरामपुरात!) ‘ब्लॉक’ हा शब्द तर आपल्या छापखान्यांत जुनाच. चित्र छापायचं तर ब्लॉकमेकरकडून जस्ताचा ब्लॉक करून आणायचा आणि खिळ्यांच्या मजकुराशेजारी बसवायचा. नव्या व्यवस्थेत फरक एवढाच, की मजकूरसुद्धा ब्लॉकच. एक परिच्छेद म्हणजे एक ब्लॉक. एंटर दाबलं की पुढचा ब्लॉक आपोआप तयार. शीर्षक, फोटो, फोटोंची मालिका, तक्ता, अवतरण, प्रत्येकाचा ब्लॉक वेगळा. अधिकच्या चिन्हावर टिचकी मारायची, हवा तो निवडायचा. वर-खाली करायला बाण आहेत, शेजारच्या मजकुराला धक्का लागत नाही.

आता आपल्या मुलाचं पान पाहा. ‘म्हातोबाचा उत्सव’ हे शीर्षक. खाली दोन परिच्छेद. मग वेळापत्रकाचा तक्ता. वेळ बदलली तर एक रकाना बदलायचा, बस्स. मग जुने फोटो, आणि प्रत्येक फोटोच्या ब्लॉकमध्ये त्याचं वर्णन लिहायला जागा. ते वर्णन दृष्टिहीन वाचकाला ऐकू येतं. ती जागा कृपा करून रिकामी सोडू नका. एखादी आरती किंवा ओवी द्यायची तर पद्यासाठी वेगळा ब्लॉक आहे, त्यात ओळी जिथे तोडल्या तिथेच तुटतात.

मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती सोयीपलीकडची. जुन्या चौकटीत आपण अक्षरं ठळक आणि मोठी करून म्हणायचो, हे शीर्षक. डोळ्यांना ते पटायचं, यंत्राला नाही. ब्लॉक निवडताना मात्र ही वस्तू काय आहे हे आधी सांगावं लागतं. ती कशी दिसावी हा नंतरचा प्रश्न. शीर्षक हे शीर्षक म्हणून नोंदलं गेलं की वाचून दाखवणारा फोन थेट त्यावर उडी मारू शकतो. शिवाय हा सगळा मजकूर साध्या एचटीएमएलमध्ये साठतो, ब्लॉकच्या खुणा त्यात अदृश्य टिपणांसारख्या असतात. उद्या वर्डप्रेस सोडलं तरी मजकूर वाचता येतो. फाँट गेला की अक्षरं गेली, हे भोगलेल्या भाषेला याचं मोल कळावं.

सगळं गोड नव्हतं. भराभर टंकन करणाऱ्यांना हे तुकडे-तुकडे नकोसे झाले. जुनी चौकट परत देणारी ‘क्लासिक एडिटर’ ही जोडणी पन्नास लाखांहून जास्त संकेतस्थळांनी बसवली, यावरून नाराजी समजावी. त्याहून गंभीर बाब म्हणजे, ज्या साधनानं दृष्टिहीन वाचकांसाठी नीट पान तयार होतं, ते साधन वापरणं दृष्टिहीन लेखकाला मात्र सुरुवातीला फार अवघड होतं. वर्डप्रेसच्या सुगम्यता गटाच्या प्रमुख रियान रीटवेल्ड यांनी ऑक्टोबर २०१८मध्ये याच वादात पद सोडलं. पुढच्या वर्षी एका स्वतंत्र तपासणीत त्रुटींची मोठी यादी निघाली. नंतर बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. पण त्या आधी व्हायला हव्या होत्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

मराठीची एक गंमतही सांगतो. जाणकार सांगतात, तिरकी रेघ दाबा आणि ब्लॉकचं नाव टंका, माऊसला हात लावायला नको. पण इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्या कळीवर आहे ‘य’! म्हणजे तुम्ही दाबणार तिरकी रेघ आणि पानावर उमटणार य. तेव्हा इन्स्क्रिप्टवाल्यांनी सरळ अधिकचं चिन्ह वापरावं.

करून पाहायचं असेल तर संकेतस्थळ विकत घेण्याची गरज नाही. ‘वर्डप्रेस प्लेग्राउंड’ हे ब्राउझरमध्येच चालतं, पैसे पडत नाहीत, नोंदणी लागत नाही. एखादी जुनी कार्यक्रमपत्रिका घ्या, तिचा फोटो न चढवता शीर्षक, परिच्छेद आणि तक्ता अशी मांडून पाहा. पाऊण तास पुरे. ते पान कायमचं राहत नाही, तेव्हा मजकुराची प्रत आपल्याकडे जपून ठेवा.