शिक्षेपूर्वी चौकशी
(सातारा व सांगली जिल्ह्यांतील शिक्षक आणि पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या शासकीय शाळेत भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. दार उघडले, पण वर्गात त्यांना वेगळे, तरटाच्या तुकड्यावर बसावे लागे. वर्तनात दोष नव्हता. जागा जातीने ठरविली होती. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली.

हा वारसा सांगताना आपण स्वतःस एक प्रश्न विचारावयास हवा. आज वर्गात शिक्षा कोणाच्या वाट्यास येते? ज्याला कमी ऐकू येते, तो हाकेसरशी उठत नाही. ज्याला अध्ययन अक्षमता आहे, तो फळ्यावरचे उतरवून घेत नाही. असे मूल सुस्थित घरातले असले, तर त्यास डॉक्टरांकडे नेले जाते. तेच मूल पालावरचे किंवा ऊसतोड कामगाराचे असले, तर त्यावर 'उनाड' असा शेरा बसतो. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. मनातला शेरा मात्र पुसला गेला नाही. अपंगत्व दिसत नाही, जात तेवढी दिसते.

अमेरिकेत हाच प्रश्न वर्णभेदाच्या रूपाने उभा आहे. दिव्यांग कृष्णवर्णीय मुलांना शाळेतून तात्पुरते काढण्याचे प्रमाण दिव्यांग गोऱ्या मुलांहून अधिक असल्याचे तेथील शासकीय आकडेवारीच सांगते. मोजले, म्हणून ते कळले. दिव्यांग मुलास दहा शालेय दिवसांहून अधिक काळ शाळेबाहेर काढावयाचे झाल्यास, ते वर्तन अपंगत्वामुळे घडले काय, हे तेथे कायद्यानेच तपासावे लागते.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. कायदा आहे, उणीव दृष्टीची आहे.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. तक्रार आलेल्या मुलाची दृष्टी, श्रवण व आकलन प्रथम तपासून घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके त्यासाठीच आहेत. कोणास, कशाबद्दल समज दिली, याची नोंदवही ठेवावी. शाळा व्यवस्थापन समितीने ती दर तिमाहीस वाचावी आणि एकाच वस्तीची नावे पुनःपुन्हा का येतात, हे विचारावे.

शिस्त हवीच. परंतु जे मुलाच्या हाती नाही, त्याबद्दल त्यास दंड करणे ही शिस्त नव्हे. तरट गेले, त्याच्या जागी शेरा येऊ नये, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.