घाटमाथ्यावरून विमानाचा हिशेब



अंतर निराळे आणि वेळ निराळा, हे लोणावळेकरांना शिकवावे लागत नाही. 1863 साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली, तेव्हा ती खंडाळ्याखाली थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला जाई, आणि मग उलट तोंडाने पुढची चढण सुरू होई. तो खटाटोप 1929 साली संपला. तरी अजूनही मुंबई-पुणे हवेतून सुमारे 120 किलोमीटर, आणि रुळावरून 192.

विमानाचे तरी सरळ असेल, असे आपणांस वाटते. भिंतीवरच्या नकाशात बंगळूरपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पट्टी ठेवली, तर ती आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून जाते. आता मुलांचा पृथ्वीगोल घ्या आणि दोरा ताणून धरा. दोरा उत्तर ध्रुवाजवळून जातो! दोन्ही शहरांच्या रेखांशांत 160 अंशांचे अंतर. जणू पृथ्वीला मध्ये घेऊन ती पाठीला पाठ लावून बसली आहेत, म्हणून डोक्यावरूनच जवळ पडते. ती वाट सुमारे 14,000 किलोमीटरांची. जानेवारी 2021 मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी ध्रुवावरून विमान बंगळूरला आणले, ते सुमारे 17 तासांत.

वाऱ्याचाही हिशेब असतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्यामुळे मुंबईहून लंडनला जायला जितके तास लागतात, त्यापेक्षा परतायला साधारण तासभर कमी. असो.

आमची चूक मात्र याहून सोपी होती. काही वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, मंगळवारी पहाटे आमच्या आळीतल्या एक वृद्ध बाई वारल्या. मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला. त्याचा निरोप आला : सोमवारी रात्री नऊचे थेट विमान, बंगळूरपर्यंत सतरा तास. घरची मंडळी आमच्याकडे पाहू लागली. आम्ही शिकले-सवरलेले ना! नऊ आणि सतरा मिळवून आम्ही सांगून टाकले, मंगळवारी दुपारी दोनला बंगळुरात, रात्री आठापर्यंत दारात. थांबा.

उन्हाळी घड्याळाप्रमाणे ते गाव आपल्या साडेबारा तास मागे. तिथले सोमवार रात्रीचे नऊ म्हणजे इथले मंगळवार सकाळचे साडेनऊ. त्यात सतरा मिळवले की बुधवारी पहाटेचे अडीच. हे आमच्या ध्यानात आले ते मंगळवारी रात्री नऊला. सकाळीच कळते तर बर्फाची सोय झाली असती. आता वडीलधारी रात्रभर ठेवायला तयार होईनात. भर पावसात बाईंना नेले. पुतण्याने अग्नी दिला.

मुलगा बुधवारी दहाच्या सुमारास आला, राख सावडायला. ओसरीवर पिशवी ठेवून त्याने आम्हाला विचारले, "काका, विमान तर वेळेवर होतं हो?"

आम्ही त्याला सगळा हिशेब सांगितला.