थर, नक्कल आणि वेग : लिनक्सवरील कंटेनरांसाठी साठवणयंत्रणेची निवड

कंटेनर संथ चालू लागले की प्रथम प्रोसेसरला किंवा मेमरीला दोष दिला जातो. पण कंटेनर किती चटकन उभा राहतो आणि त्यात लिहिण्याचे काम किती जलद होते, हे पुष्कळदा त्याच्या फायली सांभाळणाऱ्या साठवणयंत्रणेवर ठरते. म्हणून कंटेनर काय वाचतो, काय लिहितो आणि लिहिलेले किती काळ टिकायला हवे, हे पाहूनच तिची निवड करणे इष्ट होय.

कंटेनर ज्या इमेजपासून तयार होतो, ती एकावर एक रचलेल्या आणि केवळ वाचता येणाऱ्या थरांची बनलेली असते. डॉकरसारखे साधन कंटेनर सुरू करताना या थरांवर लिहिता येण्याजोगा एक पातळ थर चढवते, त्यामुळे एका इमेजपासून शंभर कंटेनर सुरू झाले तरी खालचे थर सामाईकच राहतात. खालच्या थरातील फाइल बदलायची झाल्यास तिची नक्कल वरच्या थरात घेऊन बदल त्या नकलेत केला जातो; ही नक्कल अख्ख्या फाइलची होते की बदललेल्या तुकड्यापुरती, हाच निरनिराळ्या यंत्रणांमधील कळीचा फरक आहे.

२०१३ साली डॉकर अवतरले तेव्हा ते एयूएफएस या थर जोडणाऱ्या फाइल सिस्टीमवर विसंबून होते. परंतु ती लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये कधीच समाविष्ट न झाल्याने रेड हॅटच्या प्रणालींसाठी डिव्हाइसमॅपर या यंत्रणेचा पर्याय पुढे आला. २०१४ च्या अखेरीस कर्नलच्या ३.१८ या आवृत्तीत ओव्हरले फाइल सिस्टीम दाखल झाली आणि तिच्यावर आधारलेला ओव्हरले२ हा डॉकरचा साठवण-ड्रायव्हर पुढे सर्वमान्य झाला. एयूएफएस २०२३ मध्ये, तर डिव्हाइसमॅपर २०२४ मध्ये डॉकरमधून वगळण्यात आले.

ओव्हरले२ संपूर्ण फाइलची नक्कल करते. इमेजमध्येच १ जीबीची डेटाबेस फाइल असेल आणि तिच्यातील एकच बाइट बदलायचा असेल, तर त्या पहिल्या लेखनाच्या वेळी सबंध १ जीबी मजकूर वर उचलला जातो. पुढील लेखन मात्र वरच्या नकलेतच होत असल्याने हा भार पुन्हा पडत नाही. याउलट बीटीआरएफएस आणि झेडएफएस या फाइल सिस्टीम बदललेले ब्लॉक तेवढे नव्याने लिहितात. वाचनात मात्र ओव्हरले२ सरस ठरते, कारण अनेक कंटेनरांनी एकच फाइल उघडली तरी कर्नल तिची मेमरीतील एकच प्रत सर्वांना पुरवतो. बीटीआरएफएसमध्ये अशी प्रत सामाईक राहत नसल्याने दाटीवाटीने कंटेनर चालणाऱ्या संगणकावर मेमरीचा ताण वाढतो.

इन्कस या डॉकरहून वेगळ्या कंटेनर-साधनावर चालणारे कंटेनर एखाद्या पूर्ण संगणकासारखे दीर्घकाळ जगतात, त्यामुळे तेथे निवडीचे निकष बदलतात. साध्या डिरेक्टरीवर आधारलेली साठवण वापरल्यास प्रत्येक नव्या कंटेनरसाठी सर्व फायलींची नक्कल करावी लागते, तर झेडएफएस किंवा बीटीआरएफएसवर स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेऊन नवा कंटेनर जवळजवळ तत्काळ उभा करता येतो. परवान्याच्या अडचणीमुळे झेडएफएस मुख्य कर्नलबाहेर राहिली असल्याने कर्नल अद्ययावत करताना तिचे मॉड्यूल जुळते आहे ना, याची खातरजमा करावी लागते.

सारांश, अल्पायुषी सेवांसाठी ओव्हरले२ आणि दीर्घायुषी, वारंवार स्नॅपशॉट लागणाऱ्या कंटेनरांसाठी झेडएफएस वा बीटीआरएफएस, ही विभागणी बहुतेक ठिकाणी योग्य ठरते. डॉकरमध्ये डेटाबेस आणि लॉग यांसारखे सतत लिहिले जाणारे साहित्य थरांत न ठेवता व्हॉल्यूममध्ये, म्हणजे थरांना वगळून यजमान संगणकाच्या फाइल सिस्टीमवर थेट लिहिणाऱ्या जागेत, ठेवावे. तसे केल्यास नकलेचा भार मुळातच टळतो आणि कंटेनर काढून टाकला तरी त्यातील माहिती सुरक्षित राहते. ड्रायव्हर बदलताच जुन्या इमेज आणि कंटेनर डॉकरला दिसेनासे होतात, म्हणून हा निर्णय संगणकावर कामाचा भार येण्यापूर्वी, प्रत्यक्ष कामाचे मोजमाप करून घेणे श्रेयस्कर होय.