फळ्यावरची नावं आणि अध्यक्षांची खुर्ची
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला 'एआय'वर बोल म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, सोमवार ते शुक्रवार तेच करते, रविवारी तरी सोडा. त्याऐवजी आपण जो विषय कायम ऑप्शनला टाकायचो, त्या नागरिकशास्त्रातलं एक पान घेते. विधिमंडळाचा अध्यक्ष. हे पान मला का आठवलं, ते शेवटी सांगते.

गंमत बघा. इंग्रजीत या माणसाला 'स्पीकर' म्हणतात, आणि सभागृहात सगळ्यांत कमी बोलायचं ते त्यानेच. पण नाव चुकलेलं नाही. इंग्लंडमध्ये तो राजापुढे जाऊन सभागृहाच्या वतीने बोलायचा, म्हणून स्पीकर. राजाला नकोसं ऐकवण्याचं काम जोखमीचं. आजही तिथे नव्या अध्यक्षाला हाताला धरून, तो आढेवेढे घेत असल्यासारखा, खुर्चीपर्यंत ओढत नेतात.

१६४२ च्या जानेवारीत राजा पहिला चार्ल्स सैनिक घेऊन पाच सदस्यांना पकडायला खुद्द सभागृहात आला. ते कुठे आहेत, असं त्याने अध्यक्ष विल्यम लेंथॉल यांना विचारलं. लेंथॉल गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, हे सभागृह सांगेल त्याखेरीज मला इथे पाहायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही. पाची जण आधीच निसटले होते. राजा हात हलवत परत गेला.

आपल्याकडची गोष्ट मला याहून आवडते. दिल्लीच्या केंद्रीय विधानसभेचे पहिले अध्यक्ष सरकारने नेमलेले इंग्रज होते, फ्रेडरिक व्हाइट. १९२५ मध्ये पहिल्यांदा निवडणूक झाली आणि विठ्ठलभाई पटेल निवडून आले. वल्लभभाईंचे थोरले बंधू, आणि त्याआधी मुंबई महापालिकेचे अध्यक्ष. निवडून आल्यावर त्यांनी आपला स्वराज पक्ष सोडला. १९२८ मध्ये सरकारने सार्वजनिक सुरक्षा विधेयक आणलं. मतं पडली ६१ विरुद्ध ६१. आता निर्णय अध्यक्षांच्या एका मतावर. त्यांनी ते विधेयकाच्या विरोधात टाकलं. कारण मला फार पटतं: असा असाधारण कायदा हवा असेल, तर तो मांडणाऱ्याने सभागृहाला पटवून स्वतःचं बहुमत मिळवावं, अध्यक्षाच्या मताच्या कुबडीवर तो होऊ नये.

सरकारने विधेयक पुन्हा आणलं. ८ एप्रिल १९२९ ला विठ्ठलभाई त्यावर निर्णय द्यायला उभे राहणार, तेवढ्यात प्रेक्षक गॅलरीतून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बॉम्ब टाकले. हा बॉम्ब आपण सगळ्यांनी पाठ केला. त्या वेळी खुर्चीत कोण होतं, हे निदान मी तरी केलं नव्हतं. तीन दिवसांनी विठ्ठलभाईंनी निर्णय दिला: मीरत कटाचा खटला कोर्टात चालू असताना या विधेयकावर चर्चा होऊ शकत नाही. मग व्हाइसरॉयने वटहुकूम काढून हवं ते केलंच. पण सभागृहाच्या दारातून त्याला ते नेता आलं नाही.

त्याच परंपरेतले दादासाहेब मावळणकर. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं, वकिली अहमदाबादेत. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेचे अध्यक्ष, १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचे. १९५४ मध्ये त्यांच्याविरुद्धही ठराव आला होता, तो फेटाळला गेला. अशा वेळी काय करायचं, ते घटनेच्या ९६ व्या कलमात आहे. ठराव चर्चेला असताना अध्यक्ष खुर्चीत बसत नाही. खाली येऊन बाजू मांडू शकतो, मतही देऊ शकतो, पण बरोबरी झाली तर निर्णायक मत नाही. स्वतःच्या खटल्यात स्वतः न्यायाधीश नको, इतकी साधी गोष्ट. आमच्याकडेही ज्याने कोड लिहिला, त्यानेच तो तपासून मंजूर करायचा नसतो.

आणि इथेच मला घोळ दिसतो. १९८५ मध्ये दहावी अनुसूची आली आणि पक्षांतर करणारा आमदार किंवा खासदार अपात्र की नाही, हे ठरवायचं काम अध्यक्षाकडे गेलं. अध्यक्ष निवडून येतो बहुमतावर, आणि पक्ष फुटतो तेव्हा पणाला लागलेलं असतं तेच बहुमत. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था तीन विरुद्ध दोन मतांनी मान्य केली, मात्र अध्यक्षाचा निर्णय न्यायालयात तपासता येईल असं सांगून. दोन न्यायाधीशांना तर हे काम अध्यक्षाकडे असणंच मान्य नव्हतं. २०२० मध्ये न्यायालयानेच संसदेला सुचवलं की यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार करा. अजून ते झालेलं नाही. आपल्या विधानसभेत पुढे काय काय झालं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. इथे दोन्ही बाजूंची माणसं बसली आहेत आणि जेवण अजून व्हायचंय, म्हणून एवढंच म्हणते: दोष फक्त माणसांचा धरू नका. ब्रिटनमध्ये अध्यक्ष पक्ष सोडतो आणि पुढच्या निवडणुकीत मोठे पक्ष सहसा त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. आपल्याकडे १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डींनी अध्यक्ष झाल्यावर पक्षाचा राजीनामा दिला, पण प्रथा पडली नाही. ज्याला पुढच्या वेळी तिकीट त्याच पक्षाकडे मागायचंय, त्याच्याकडून आपण विठ्ठलभाईंची अपेक्षा करतो.

आता ते पान का आठवलं. नववीत मी मॉनिटर होते. ऑफ तासाला बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. एकदा अकरा नावं लिहिली. बोलणारे बारा होते. बारावी माझ्या बाकावरची होती, माझ्या डब्यातलं खाणारी. बाई आल्या आणि अकरा जण तासभर वर्गाबाहेर उभे राहिले. त्यातला एक तर नुसता पेन मागत होता.

बाई, तुम्ही पहिल्या रांगेत आहात, म्हणून हे तुमच्यासमोर सांगितलं. बारावी तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आत्ता मान खाली घालून हसते आहे. पेनवाला सकाळी चहाच्या टेबलाशी भेटला. मला वाटलं, विसरला असेल. त्याने माझ्यासाठी कप भरला आणि विचारलं, "काय गं, अजून नावं लिहितेस का?"