कर कोणावर, सवलत कोणाला?



अर्थशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. परंतु करनीतीची खरी परीक्षा वर्गात नव्हे, वाण्याच्या दुकानात होते, असे माझे मत आहे.

२० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने, अन्य सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी, कंपनीकराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला. यात वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, हा अंदाज सरकारचाच होता. शेअर बाजार त्याच दिवशी उसळला. गुंतवणूकदाराच्या पदरात लाभ पडायला एक दिवसही लागला नाही.

आता दुसरी बाजू पाहा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, लेबल लावलेल्या पिठा-तांदळावर, ब्रँड नसला तरी, ५ टक्के वस्तू व सेवा कर बसला. शेतमजूर आणि कारखानदार तो एकाच दराने भरतात. पण मजुराच्या मिळकतीचा मोठा हिस्सा अन्नावरच जातो. दर समान, बोजा विषम!

कर घटला की कारखाने वाढतात, असे सांगितले जाते. परंतु कारखानदार नवे यंत्र घेतो ते माल खपेल या भरवशावर. घरोघरची खरेदीच आटली, तर वाचलेला कर कर्जफेडीत आणि लाभांशात जिरतो.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या वस्तीतल्या दहा घरांचा महिन्याचा जमाखर्च मांडा आणि त्यात कर किती, हे त्या घरांना दाखवा. आपण कर भरतो हेच ज्याला ठाऊक नाही, तो हिशेब मागणार कसा?