वेग नको, वॉक सांगा
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



चिटणीसांनी पत्रिकेत माझा विषय ‘बेसबॉलमधील बढती’ असा छापलाय. नोकरीतल्या बढतीबद्दल काही कानावर पडेल या आशेनं कोणी आलं असेल, तर मागचं दार उघडं आहे. (हशा) विषय एवढाच की अमेरिकेत मायनर लीगमध्ये खेळणारा वीस-बावीस वर्षांचा पिचर वर जाणार की तिथंच कुजणार, हे ओळखायचं कसं.

नियम सांगत बसत नाही. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेले इथं बरेच दिसतायत. पायऱ्या तेवढ्या लक्षात ठेवा. तळाला फ्लोरिडा-ॲरिझोनातल्या शिबिरांच्या लीग, मग सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि वर मेजर लीग. आपल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेलची गोष्ट सिनेमात पाहिलीच असेल. भालाफेकीतली पोरं, चेंडू फेकण्याची २००८ ची स्पर्धा, पिट्सबर्ग पायरेट्सचा करार. रिंकू सिंगल-एपर्यंत पोचला, पुढं दुखापती झाल्या आणि २०१८ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला. ते सोडून देऊ, नाहीतर तासभर तेच होईल.

नोकरीनिमित्त मी बरीच वर्षं न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टनला होतो. मेजर लीगमधल्या मेट्स क्लबचा डबल-ए संघ तिथला. तिकीट स्वस्त, त्यामुळं होम प्लेटच्या थेट मागं जागा मिळायची. तिथं स्काउट बसतात. हातात रडार गन, मांडीवर वही. चेंडू सुटला की सगळ्यांच्या माना एकदम खाली, गनवरचा आकडा बघायला. बॅटरचं काय झालं ते नंतर! त्यांच्याच रांगेत साध्या टी-शर्टमध्ये एखादा पोरगा असायचा. तोही त्याच संघाचा पिचर, आज पाळी नसलेला. आजच्या सोबत्याचा प्रत्येक चेंडू कुठल्या प्रकारचा, किती वेगाचा, कुठं गेला, हे तक्त्यावर भरायचं काम त्याच्याकडं. मी खुशाल त्याच्या खांद्यावरून वाचायचो. माझं जे मत आज तुमच्या गळी उतरवायचंय ते त्या तक्त्यांवरून बनलेलं आहे. वेगाचा रकाना हातानं झाका आणि वॉक मोजा.

वॉक म्हणजे बॅटरनं बॅट न फिरवलेले चार चेंडू स्ट्राइकच्या पट्ट्याबाहेर गेले की तो फुकटात पहिल्या बेसवर. आपल्याकडं क्रिकेटमध्ये वाइडला एक धाव देऊन सुटका होते, तिथं माणूसच आत येऊन उभा राहतो. नऊ इनिंगला किती वॉक, एवढा एक भागाकार करायचा. हार-जीत बघू नका, त्यात मागच्या आठ जणांचा हात असतो. वेगाला मी नावं ठेवत नाही, दारातून आत यायला तो लागतोच. पण ताशी ९५ मैल टाकणारे आज डबल-एमध्ये ढिगानं आहेत.

आता एक माणूस सांगतो. थोडक्यात सांगणार होतो, बघू.

स्टीव्ह डाल्कोव्स्की. कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनचा डावखुरा, जेमतेम उंचीचा, चष्मा लावणारा. १९५७ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सनी घेतला आणि टेनेसीत किंग्जपोर्टला, सगळ्यात खालच्या लीगमध्ये पाठवला. ६२ इनिंगमध्ये १२१ स्ट्राइकआउट. आणि वॉक? १२९! नऊ इनिंगला जवळपास १९. सामना संपावा कसा? (हशा) त्याच्याइतका वेगवान पिचर पाहिला नाही, असं म्हणणारे तेव्हाचे खेळाडू कितीतरी आहेत. पण वेग मोजायला क्लबनं त्याला १९५८ मध्ये लष्कराच्या ॲबर्डीनच्या चाचणी-तळावर नेलं, ते ऐका. आदल्या दिवशी हा पिचिंग करून दमलेला, पायाखाली उंचवटा नाही, सपाट जमीन. चेंडू यंत्राच्या चौकटीतून गेला पाहिजे, आणि यानं तो चौकटीतून घालवायलाच चाळीस मिनिटं घेतली असं सांगतात. आकडा आला ९३.५ मैल. सगळ्यांना हळहळ वाटली की खरा वेग कळलाच नाही. अहो, कळायचं ते त्या चाळीस मिनिटांत कळलं होतं!

मग उपाय सुरू झाले. प्लेटच्या दोन्ही अंगांना बॅटर उभे करून मधून टाकायला लावलं. कॅचरच्या अगदी जवळून टाकायला लावलं. १९६० मध्ये कॅलिफोर्नियात स्टॉक्टनला १७० इनिंग, २६२ स्ट्राइकआउट आणि वॉकही बरोब्बर २६२. असा हिशेब कारकुनालाही जुळत नाही.

पुढं १९६२. एल्मायरा, बिंगहॅम्टनहून गाडीनं तासाभराच्या अंतरावर. तिथं मॅनेजर होते अर्ल वीव्हर, पुढं बाल्टिमोरचे नामांकित मॅनेजर झाले ते. वीव्हरनी डाल्कोव्स्कीच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. दोनच चेंडू ठेव, जोराचा आणि वळणारा स्लायडर. जोराचा टाकताना कोपरे शोधू नकोस, मधोमध टाक. निकाल बघा. १६० इनिंग, १९२ स्ट्राइकआउट, ११४ वॉक. नऊ इनिंगला साडेसहाच्याही आत. स्टॉक्टनला हाच आकडा चौदाच्या घरात होता, आणि एल्मायराची लीग स्टॉक्टनपेक्षा वरची. वॉक निम्म्याखाली आले ते पायरी चढून आले. पिचरचा विकास म्हणतात तो हा. बढतीचा कागद इथं सही करायचा.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग नोलन रायनचं काय?)

येणारच होता हा प्रश्न. दुसऱ्या रांगेतले गृहस्थ मुलाकडं टेक्सासला जाऊन आलेत वाटतं. (हशा) हो, टेक्सासचे पिचर रायन यांनी मेजर लीगमध्ये २,७९५ वॉक दिले, तो विक्रम आहे. शिवाय ५,७१४ स्ट्राइकआउट, तोही विक्रमच. पण रायनचं मायनरचं १९६६ साल काढा. १९ वर्षांचं पोर, ग्रीनव्हिलला १८३ इनिंगमध्ये १२७ वॉक. भागाकार करा, सव्वासहा येतो. म्हणजे डाल्कोव्स्की तेविसाव्या वर्षी एल्मायरात जिथं पोचला तिथं रायन एकोणिसाव्या वर्षीच उभे होते. माझ्या मताला याचा धक्का लागत नाही. वॉकच्या शेजारी वय लिहायचं, एवढीच पुरवणी जोडतो. नाही, नाही, हसू नका, पुरवणी मी आधीच लिहून आणलेली आहे. (हशा)

बरं, अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटं’. घड्याळ त्यांचं थोडं पुढं असावं.

डाल्कोव्स्कीचं संपवतो. १९६३ च्या मार्चमधल्या सराव सामन्यांत तो चांगला टाकत होता, मेजर लीगच्या संघात जागा जवळजवळ ठरली होती, गणवेशाचं मापही घेतलं होतं म्हणतात. २२ मार्चला यँकीजविरुद्ध कोपर गेलं. कोणी म्हणतं स्लायडर टाकताना, कोणी म्हणतं बंट उचलून फेकताना. हाताचीच कंडरा काढून कोपरात बसवण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर केली ती १९७४ मध्ये, डाल्कोव्स्कीसाठी अकरा वर्षं उशिरा. डाल्कोव्स्की १९६५ पर्यंत खाली कसाबसा खेळला, वेग गेलेला, दारूचं व्यसन तर आधीपासूनच होतं. पुढं कॅलिफोर्नियात शेतमजुरी केली. २०२० मध्ये वारला. मेजर लीगमध्ये एक चेंडूही नाही.

आता भराभर. जेकब डिग्रॉम. कॉलेजात शॉर्टस्टॉप, २०१० च्या ड्राफ्टमध्ये नववी फेरी, लगेच कोपराची शस्त्रक्रिया, २०१३ मध्ये पंचविशीत बिंगहॅम्टनला. माझ्या पुरवणीप्रमाणं वयात नापास. पण २०१२ चा तक्ता बघा, १११ इनिंगमध्ये २० वॉक. नऊला दीडच्या आसपास! २०१४ मध्ये तो वर गेला, त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला, २०१८ आणि २०१९ ला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. वय आणि वॉक भांडले तर मी वॉकच्या बाजूनं. पॉल स्कीन्स, २०२४, ट्रिपल-एमध्ये इंडियानापोलिसला सात सामने, २७ इनिंगच्या वर थोडं, ४५ स्ट्राइकआउट, आठ वॉक. ११ मे रोजी वर. इथं माझी गरज नव्हती, कोणीही सांगितलं असतं.

‘रुल फाइव्ह’ ड्राफ्ट, क्लबची चाळीस खेळाडूंची यादी, खर्चासाठी पोराला मुद्दाम खाली दडपून ठेवण्याचे क्लबचे खेळ, हे सगळं बोलायचं राहिलं. पगाराचं एकच वाक्य. २०२३ च्या करारात ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर ठरला, आणि २०२४ मध्ये मेजरचा किमान पगार होता ७,४०,०००. एका पायरीचं हे अंतर. म्हणून सही करणाऱ्यानं गन बघून सही करू नये, असा माझा हट्ट आहे.

दुसरी चिठ्ठी. थांबतो. शाळांत सॉफ्टबॉल शिकवणारे सर आणि बाई इथं बसलेत, त्यांना विनंती. तुमच्या स्कोअरशीटवर वॉक एकूण लिहून सोडू नका, मुलीच्या किंवा मुलाच्या नावापुढं, इनिंगवार लिहा, शेजारी वय लिहा. दोन हंगामांचे कागद साठले की मला कळवा. आणि रायनवाल्या गृहस्थांनी चहाला थांबावं, त्यांच्याशी माझं अजून संपलेलं नाही.