नोटीस दिली, पुढे काय?



२६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा एक भाग कोसळला. उजाडल्यावर घरोघरी गणपती बसायचे होते. त्याऐवजी ढिगारा उपसणे सुरू झाले आणि सतरा जणांचा मृत्यू झाला. इमारत २०१२ च्या सुमाराची, म्हणजे काही जुनीपुराणी नव्हे. ती अनधिकृत होती, हे महापालिकेने सांगितले. पण तोवर तिथे बारा-तेरा वर्षे संसार चालले होते.

अशी दुर्घटना झाली की आपण बिल्डरला दोष देतो, आणि तो द्यायलाच हवा. पण आज मला बिल्डरविषयी बोलायचे नाही. ज्या कचेऱ्यांना हे बांधकाम थांबवण्याचा अधिकार होता, त्यांच्याविषयी बोलायचे आहे. सरकारी कचेरीने आपला अधिकार कसा वापरावा, आणि वापरला नाही तर तिला जाब कोणी विचारावा, हे ठरवणाऱ्या नियमांना प्रशासकीय कायदा म्हणतात. नाव जड आहे. विषय मात्र आपल्या चाळीच्या जिन्यापर्यंत आलेला आहे.

वसई-विरारमध्ये परवानगी कोणाची घ्यायची, याचे उत्तर गेल्या चाळीस वर्षांत अनेकदा बदलले. आधी ग्रामपंचायती आणि नगरपरिषदा होत्या. १९९० मध्ये या भागाच्या नियोजनाची सूत्रे सिडकोकडे गेली. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महापालिका झाली, आणि पुढच्या वर्षी सिडकोचे नियोजनाचे काम तिच्याकडे आले. गावांचा महापालिकेत जाण्याला विरोध होता. शासनाने २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला. त्याला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले, निर्णय स्थगितीत अडकला, आणि २०२४ मध्ये शासनाने आपलाच निर्णय मागे घेतला. तेरा वर्षे त्या गावांचा कारभारी कोण, हा प्रश्न लटकत राहिला. एवढ्या सगळ्यात प्रत्येक नव्या कचेरीला ‘हे आमच्या आधीचे आहे’ म्हणायची सोय झाली.

लोक गप्प बसले होते असे नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने वाड्या, विहिरी आणि शेतजमिनी वाचवण्यासाठी जे आंदोलन उभारले, ते खरे तर सरकारी नियोजनावर नागरिकांनी ठेवलेली देखरेखच होती. तेव्हा विचारलेला प्रश्न साधा होता: हा आराखडा कोणाला विचारून केला?

आता नालासोपारा पूर्वेकडे चला. अग्रवाल नगरीच्या परिसरात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. दोन हजारांहून अधिक कुटुंबे तिथे राहत होती. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही, आणि नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात तोडक कारवाई पार पडली. मुलांच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असताना लोक भांडीकुंडी घेऊन रस्त्यावर आले.

एकेचाळीस इमारती एका रात्रीत उभ्या राहत नाहीत. अशा कुठल्याही इमारतीत पाया खणताना प्रभाग कार्यालयाचा माणूस त्याच रस्त्याने जातो. घर विकताना दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला जातो. विजेचा मीटर लागतो. घरपट्टीचे बिल येते. रहिवाशाला वाटते, सरकारने बिल दिले म्हणजे सरकारने घर मानले. कायदा तसे म्हणत नाही. घरपट्टी बेकायदा घरालाही लागते, वर शास्तीही लागू शकते; कर भरल्याने घर कायदेशीर होत नाही. दस्त नोंदवणारा अधिकारी इमारतीला परवानगी आहे की नाही याची हमी देत नाही. त्यातच २०२३ मध्ये विरार पोलिसांनी बनावट शिक्के आणि बनावट परवानग्यांचे मोठे प्रकरण उघडकीला आणले. म्हणजे हातात सीसी (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) आहे, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे, आणि दोन्ही खोट्या आहेत. सामान्य माणसाने खरे-खोटे ओळखायचे कशावरून?

प्रत्येक कचेरी आपल्यापुरती बरोबर असते. कर खाते कर घेते, वीज कंपनी वीज देते, निबंधक नोंद करतो. सगळ्यांचे काम चोख, आणि शेवटी चारशे चौरस फुटांच्या घराचे हप्ते भरणारा माणूस उघड्यावर.

मग कायद्यात सोय नाही का? भरपूर आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६० खाली आयुक्त नोटीस काढू शकतात, काम पाडू शकतात. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा; त्याचे कलम ५३ याच कामासाठी आहे. अनधिकृत बांधकामाकडे काणाडोळा करणाऱ्या जबाबदार अधिकाऱ्याला शिक्षा होऊ शकेल अशीही तरतूद याच कायद्यात पुढे घालण्यात आली. उणीव आहे ती नोटिशीनंतरच्या पानांची. तक्रार आली की नोटीस निघते, तिची प्रत फायलीला लागते, आणि कोणी विचारले तर उत्तर तयार असते: ‘आम्ही नोटीस दिली आहे.’ नोटीस हे कारवाईचे पहिले पाऊल आहे. आपल्याकडे तेच शेवटचे ठरते.

इथे मला आपल्याच लोकल मार्गावरची एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. १९४५ मध्ये एका गृहस्थांनी अंधेरीत सिनेमागृह बांधण्यासाठी मुंबईच्या पोलीस आयुक्तांकडे परवानगी मागितली. जुलै १९४७ मध्ये ती मिळाली. दोन महिन्यांत दुसरे पत्र आले: शासनाच्या निर्देशावरून परवानगी रद्द. परवानगी रद्द करण्याचा अधिकार कायद्याने आयुक्तांना दिला होता, शासनाला नव्हे. आयुक्तांनी स्वतः काही ठरवलेच नव्हते, वरचा निरोप तेवढा खाली पोचवला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५१ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल लिहिला.

गोरधनदास भानजी या नावाने ओळखला जाणारा हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो, कारण त्यात तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. अधिकार ज्याच्या हाती, निर्णय त्यानेच आपली बुद्धी वापरून घेतला पाहिजे. सरकारी आदेश त्यात जे लिहिले आहे त्यावरून वाचला जाईल. ‘माझ्या मनात असे होते’ हे मागाहून दिलेले स्पष्टीकरण चालणार नाही. आणि लोकांच्या हितासाठी दिलेला अधिकार वापरण्याची वेळ आली की तो वापरणे हे कर्तव्य होते. ‘अधिकार माझा आहे, वाटले तर वापरीन’ असे म्हणण्याची मुभा राहत नाही.

पोलीस बंदोबस्त मिळत नाही, माणसे कमी आहेत, पैसे नाहीत, ही उत्तरेही न्यायालयाने जोखली आहेत. १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या गटारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पैशाची अडचण हे कायद्याने नेमून दिलेले काम टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. कारवाई झाली नाही की माणसे मरतात. पण मनमानी कारवाई झाली तरी माणसेच भरडली जातात. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरे पाडण्याबाबत देशभरासाठी नियम घालून दिले: किमान पंधरा दिवसांची नोटीस, बाजू मांडण्याची प्रत्यक्ष संधी, कारणे लिहिलेला अंतिम आदेश, आणि त्यानंतरही पंधरा दिवसांची मुदत. रस्ता, पदपथ, नदी, रेल्वेमार्ग यांवरची अतिक्रमणे आणि न्यायालयानेच पाडायला सांगितलेली बांधकामे यांना ही सवलत नाही. त्यानंतर सव्वा महिन्यात, १७ डिसेंबरला, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने अनधिकृत बांधकामांबाबत कडक सूचना दिल्या. भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय वीज, पाणी, मलनिस्सारणाची जोडणी देऊ नये. बँकांनीही ते तपासूनच कर्ज द्यावे. चुकीची परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांवर खातेनिहाय कारवाई व्हावी. काहींना हे दोन निकाल एकमेकांविरुद्ध वाटले. मला ते एकच वाटतात. दोन्ही कचेरीला हेच सांगतात: वेळेत काम कर, आणि कारण लिहून कर.

हाच नियम देखरेख करणाऱ्यांनाही लागू आहे. २०२५ मध्ये नालासोपाऱ्याच्या त्याच इमारतींच्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने महापालिकेच्या अधिकाऱ्यांपर्यंत तपास नेला, माजी आयुक्तांना अटक केली. ती अटक मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये बेकायदा ठरवली. आरोप खरे की खोटे, हा वेगळा प्रश्न. पण तपास यंत्रणेलाही आपल्या अधिकाराचा हिशेब द्यावा लागतो, हे त्यातून दिसले.

महापालिकेवरची रोजची देखरेख मात्र न्यायालयाने करायची नसते. ती नगरसेवकांच्या सभागृहाने करायची असते. आपल्या महापालिकेची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत, साडेपाच वर्षांहून अधिक काळ, प्रशासकांचा कारभार होता. महासभेचे अधिकार प्रशासकाचे, स्थायी समितीचेही त्याचेच. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. या काळात विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाला आग लागली, ४१ इमारती पाडल्या गेल्या, रमाबाई अपार्टमेंट कोसळले. सभागृह असते तर हे टळले असते, असे मी म्हणणार नाही. बरीच बेकायदा बांधकामे सभागृह असतानाच उभी राहिली आहेत. पण उघड्या सभेत आयुक्तांना उभे करून प्रश्न विचारायची जागाच उरली नव्हती. आता नगरसेवक निवडून आले आहेत. अनधिकृत बांधकामांच्या नोटिशींचे पुढे काय झाले, याचा प्रभागनिहाय अहवाल त्यांनी दर महासभेत मागावा. त्याला निधी लागत नाही.

आणि आपण काय करायचे? ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ हे ऐकत आपण मोठे झालो. पण थांबायची गरज नसावी म्हणून महाराष्ट्राने बरेच कायदे केले आहेत. सरकारी कचेरीत एका टेबलावर फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असे २००५ चा दफ्तर दिरंगाईचा कायदा सांगतो. दाखले, परवाने, नळजोडणी यांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त यांच्याकडे लोकशाही दिन असतो. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. लोकायुक्तांची संस्था प्रत्यक्ष सुरू करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, १९७२ पासून. साध्या कागदावरची तक्रारही तिथे दखल घेण्याजोगी ठरू शकते.

पण सर्वांत हाताशी असलेले साधन माहिती अधिकाराचे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. या कायद्याच्या आडून खंडणी उकळणारेही वसईत निघाले आणि त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. म्हणून काही प्रामाणिक माणसे अर्ज करायला कचरतात. कचरू नका. फक्त प्रश्न नेमका विचारा. ‘इमारत अनधिकृत आहे का?’ असे विचारले की ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर येते, कारण कायद्याने माहिती मागता येते, मत नव्हे. त्याऐवजी कागद मागा: या सर्व्हे क्रमांकावरच्या बांधकामाची पाहणी झाल्याचा अहवाल, दिलेल्या नोटिशीची प्रत, ती बजावल्याची तारीख, सुनावणीची नोंद, अंतिम आदेश, आणि आजपर्यंत फायलीवर ज्यांनी शेरे लिहिले त्यांची पदनामे. हे कागद असतील तर मिळतील. नसतील तर ‘नाहीत’ असे लेखी मिळेल, आणि ते उत्तरही अपिलात किंवा न्यायालयात पुरावा म्हणून उभे राहते.

घर घेणाऱ्यांसाठी एवढेच: बिल्डरने दाखवलेली सीसी आणि ओसी पुरेशी मानू नका. त्यावरचा क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात लेखी विचारणा करा आणि उत्तर लेखीच घ्या. आगाऊ रक्कम देण्याआधी करा, नंतर नव्हे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ती चढावी लागू नये असे वाटत असेल, तर त्याआधीच्या पायऱ्यांवर आपण उभे राहायला हवे. प्रभाग कार्यालयात ‘नोटीस दिली आहे’ असे उत्तर मिळाले, की घरी परतू नका. पुढची तारीख विचारा, जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम विचारा, आणि दोन्ही कागदावर घ्या.